चंदगडला पाठवलेला मुलगा

कसबा बावडा, कोल्हापूर
१२ सप्टेंबर २०२३

प्रियदर्शनी,

वर चि. सौ. लिहायला घेतलं आणि हात थांबला. सौ. तू आता दुसऱ्या घरची. त्यामुळे नुसतंच नाव लिहिलं. माझा नंबर तू फोनवर बंद करून ठेवला आहेस, ते बरोबरच केलंस, म्हणून हे पत्र हातकणंगल्याला तुझ्या आईच्या पत्त्यावर टाकते आहे.

तुला मुलगी झाल्याचं आमच्या वर्षानं सांगितलं. तुझी नणंद होती तेव्हा तुमचं दोघींचं फार सख्य नव्हतं, पण ही बातमी सांगताना ती माझ्याकडे अशी बघत होती की मला उठून आत जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीत दळण टाकायला गेले. शेजारची बयाबाई तिथंच होती. भर गिरणीत म्हणाली, "शालू, तुझी पयली सून बाळंत झाली म्हणं. मग आमच्या ऋतूकडं असताना का न्हाय झालं?" सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणाले, "तिचा दादला बिजवर हाय. त्याच्या पयल्या बायकूचं असंल, न्हाईतर कुटनं तरी आणलं असंल." बायका हसल्या. मला तेच पाहिजे होतं. घरी येऊन पीठ डब्यात ओतायला घेतलं, तर निम्मं खाली सांडलं.

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगते. मी तसं बोलले.

आणखी एक. ऋतूचं दुसरं लग्न जमवलं आहे. मुलगी चंदगड तालुक्यातली, मोना नाव, तेवीस वर्षांची. वडील नाहीत, पाठच्या दोन बहिणी आहेत, आई काजूच्या कारखान्यात जाते. माझ्या भावाच्या ओळखीतलं स्थळ. दिवाळीनंतर साखरपुडा, फेब्रुवारीत लग्न. स्थळ मीच शोधलं आणि असंच शोधलं, की काही झालं तरी विचारायला कुणी येणार नाही.

तुझ्यात काही दोष नव्हता. हे मला तू घरात आलीस त्या दिवसापासून माहीत होतं. आज याच्या पुढं लिहायचा धीर होत नाही.

शालूबाई


३ ऑक्टोबर २०२३

प्रियदर्शनी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मागच्या पत्रात जे अर्धं सोडलं ते सांगायचं तर फार मागं जावं लागतं. वर्षाच्या पाठीवर माझी दोन मुलं पोटातच गेली. मग जोतिबाला नवस बोलले आणि ऋतू झाला. सासूबाईंनी तो महिन्याचा असतानाच मला बजावलं होतं, "ह्याला आजाराचा वारा लागू देऊ नगंस." मी तो शब्द असा पाळला की विचारू नकोस.

आमच्या गल्लीत तेव्हा अशी रीत होती की एका पोराला गालफुगी झाली की बाकीची पोरं त्याच्यासोबत एकाच वाकळेवर बसवायची. एकाच ताटात जेवायला घालायची. सगळ्यांचं एकदम उरकून जाऊ दे, म्हणजे पुन्हा नको. आयांना शास्त्र माहीत नव्हतं, पण एकदा होऊन गेलं की परत होत नाही एवढं डोळ्यांनी बघितलेलं होतं. शहाण्णव साली उन्हाळ्यात गल्लीत अशी साथ आली. मी वर्षाला नेऊन बसवलं. ती आठ वर्षांची होती. ऋतूला मात्र त्याच दिवशी दुपारच्या एसटीनं चंदगडला माझ्या भावाकडे नेलं.

मुलीला झालं तर झालं, मुलाला होता कामा नये. हे कुणी मला शिकवलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

वर्षाचे दोन्ही गाल सुजले. तोंड उघडेना. सासूबाई तिला पेज पाजायच्या. ती माझ्या नावानं रडायची म्हणे, आणि मी चंदगडला ऋतूला मांडीवर घेऊन फणस खात बसले होते. महिन्यानं परत आले तेव्हा वर्षा गल्लीत लगोरी खेळत होती. माझ्याजवळ आली नाही. म्हटलं, जाऊ दे, पोर आहे, विसरेल.

गोवराच्या साथीतही मी हेच केलं आणि कांजिण्यांच्या साथीतही. तिन्ही वेळा वर्षा इथं, ऋतू चंदगडला. शाळेतले मास्तर म्हणायचे, शालूबाई, तुमचा मुलगा कधी आजारी कसा पडत नाही हो. मला केवढा अभिमान वाटायचा. त्याला एकही डाग नव्हता अंगावर. तू नवी नवरी होतीस तेव्हा मी तुला तेसुद्धा कौतुकानं दाखवलं होतं, त्याची पाठ दाखवून. आठवत असेल तुला.

शालूबाई


२५ ऑक्टोबर २०२३

प्रियदर्शनी,

दसरा झाला. घरात लग्नाची बोलणी चालू आहेत. आज लिहितेच, नाहीतर राहून जाईल.

तुमच्या लग्नाआधी सात महिने, दोन हजार सोळाच्या मे महिन्यात, वर्षा राजवीरला घेऊन सुट्टीला आली. राजवीर पाच वर्षांचा. आला तो कणकणतच आला आणि तिसऱ्या दिवशी गाल सुजले. वर्षानं त्याचं सगळं केलं. त्याच्याच उशीवर झोपायची, त्याचं उष्टं खायची. तिला साधी शिंकही आली नाही. ऋतू त्याचा लाडका मामा. त्याला खांद्यावर घेऊन गोठ्यात हिंडवायचा, दोघं एकच आंबा चोखायचे. मी दोन वेळा म्हटलं, लांब राहा. चोवीस वर्षांच्या मुलाला आता एसटीत घालून कुठं पाठवणार?

राजवीर आठवड्यात बरा होऊन गेला. सोळा-सतरा दिवसांनी ऋतूला ताप चढला. गाल तर सुजलेच, पण चार दिवसांनी तो चालताना पाय फाकून टाकायला लागला. मला सांगेना. त्याच्या वडलांना सांगेना. शेवटी वेदनेनं भिंतीला डोकं लावून रडायला लागला तेव्हा मी त्याला शहरात डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरनं विचारलं, "लहानपणी याला गालफुगी झाली नव्हती?"

मी म्हटलं, "न्हाय. म्या जपलं की."

अजून सांगते, मी हे मान वर करून म्हटलं.

तो म्हणाला, "जपलंत, पण लस दिली नाहीत." मग त्यानं मला बसवून नीट सांगितलं. तो माणूस चांगला होता, मला बोल लावला नाही. म्हणाला, शरीर एकदा एखाद्या जंतूशी झुंजलं की त्याची ओळख विसरत नाही. लढाई संपली की बाकीच्या पेशी जातात, पण थोड्या हाडांच्या मगजात वस्तीला राहतात आणि त्या एकाच जंतूवरचा उतारा वर्षानुवर्षं करत बसतात. "तुमच्या मुलीला आठव्या वर्षी झाली म्हणता. आता पोराचा जंतू तिच्याही नाकातोंडात गेला असणार. पण अंगानं त्याला उंबऱ्यातच ओळखला. तुमच्या मुलाच्या अंगानं तो कधी बघितलाच नव्हता."

मी विचारलं, "वीस वर्सं ध्यानात ऱ्हातंय व्हय?"

"राहतं. माणसाला आठवत नसेल, अंगाला आठवतं."

मग मी गल्लीतल्या वाकळेचं सांगितलं. त्यावर मात्र तो चिडला. म्हणाला, तेही चूकच, त्यात एखाद्या पोराचा कान कायमचा जातो. लस असताना मुद्दाम आजार कशाला द्यायचा? मला वाटलं, म्हणजे मी मुलीचं केलं तेही चुकलं आणि मुलाचं केलं तेही.

ऋतूला बाहेर बाकावर निजवलं होतं. डॉक्टरनं दार लोटलं. म्हणाला, लहान मुलांत हा आजार बहुतेक गालावरच मिटतो, मोठ्या पुरुषात कधी कधी खाली उतरतो. पुष्कळांचं निभावतं. पण याला दोन्हीकडे सूज आहे आणि जास्त आहे. मूल होण्यात अडचण येऊ शकते. सहा महिन्यांनी तपासणी करा. लग्न ठरवत असाल तर त्याआधी नक्की करा, आणि त्याला स्वतःला सांगा.

त्यानं चिठ्ठी लिहून दिली. घरी आल्यावर ती मी परसातल्या पाणी तापवायच्या चुलीत घातली.

ऋतूला सांगितलं नाही. ह्यांना सांगितलं नाही. पुढं तीन वर्षांनी ते वारले, तेही न कळताच गेले. सहा महिन्यांच्या आत मी तुझं स्थळ बघितलं आणि डिसेंबरात तुला घरात आणलं. पुष्कळांचं निभावतं म्हणाला होता ना? मी तेवढंच ऐकलं.

तुझ्या पोटात दोनदा दुर्बीण घातली. तुझे सगळे कागद चांगले यायचे आणि मी म्हणायचे, डॉक्टरांना काय कळतंय. माघाच्या दर रविवारी जोतिबाच्या डोंगराला पायी जायचे खेटे तुला अनवाणी घालायला लावले, तीन वर्षं. वर्षाच्या दुसऱ्या वेळच्या डोहाळजेवणात तू ओटी भरायला पुढं आलीस आणि मी तुझ्या हातातलं ताट काढून घेतलं. तेव्हा वर्षा म्हणाली होती, "आई, आसं नगं करूस." मी तिलाच गप्प केलं.

मला सगळं माहीत होतं. माझा मुलगा उणा ठरू नये म्हणून मी तुला उणी ठरवलं. याला दुसरं काही नाव असेल तर तू दे.

शालूबाई


२० नोव्हेंबर २०२३

प्रियदर्शनी,

परवा साखरपुडा झाला. मोनानं हिरवी साडी नेसली होती. पोरगी खाली मान घालून बसत नाही, बोलते. मला म्हणाली, "आत्ती, तुमच्या म्हशी किती? मला धार काढाय येती." मला आवडली. आवडली हेच वाईट झालं.

तिला सांगायला हवं. लग्नाआधी सांगायला हवं, नंतर सांगून काय उपयोग? हे मला कळतं. तीन वेळा तिच्या आईला फोन लावला. एकदा हळदीच्या साड्यांचं बोलले, एकदा पावसाचं, एकदा नुसतंच बऱ्या हाय का म्हणून ठेवला.

माझं एक ऐक. तू सांग. तुझ्या वाट्याला जे आलं ते तू सांगितलंस तर कुणी तुला दोष देणार नाही. तुझ्या कडेवर मूल आहे, दुसरा पुरावा कशाला पाहिजे? मी आई आहे. आईनं आपल्या तोंडानं मुलाचं असं कसं सांगायचं? मोनाच्या आईचा नंबर खाली लिहिला आहे. माझं नाव घेतलंस तरी चालेल. नाही घेतलंस तर बरं.

शालूबाई


११ डिसेंबर २०२३

प्रियदर्शनी,

तुझं पत्र मिळालं. पाच-सहा वेळा वाचलं. ऋतू घरी नसताना मोठ्यानंही वाचलं. तुला खरं वाटणार नाही, पण मला त्यातलं सगळं तोंडपाठ झालं आहे.

"आत्ती, तुमची चारी पत्रं मिळाली. आईनं न फोडता दिली. पाच वर्षं मी स्वतःला वांझ समजत होते आणि तुम्हाला माहीत होतं. मोनाला मी सांगणार नाही. मी सांगितलं तर सोडलेल्या बाईची जळजळ म्हणतील, आणि तसं म्हणणाऱ्यांत पहिल्या तुम्ही असाल. तुम्ही सांगितलंत तरच ते खरं ठरेल. तुम्ही सांगा. मला पुन्हा पत्र पाठवू नका."

आधी मला राग आला. एवढं मन मोकळं केलं आणि ही मलाच फटकारते, असं वाटलं. दिवसभर भांडी आपटली. संध्याकाळी कळलं की तू एक अक्षर खोटं लिहिलेलं नाहीस. तू सांगितलं असतंस तर मी गिरणीत जाऊन खरंच तसं म्हटलं असतं.

पत्र पाठवू नका म्हणालीस तरी टाकते आहे. वाचू नकोस, फाडून टाक.

शालूबाई


२२ फेब्रुवारी २०२४

लग्न झालं.

हळदीच्या दिवशी मी मोनाच्या आईला बाजूला घेतलं होतं. मांडवामागं दोघीच होतो. मी म्हणाले, "ताई, एक बोलायचं हुतं." तिनं माझे दोन्ही हात धरले. हात काजूच्या टरफलांच्या चिकानं काळे पडलेले, कातडं सोललेलं. म्हणाली, "काय बी बोलू नगासा. तुमी माझी पोरगी पदरात घेतलीसा, माझ्या डोईवरचं एक वझं उतरलं. माझं काय चुकलंमाकलं आसंल तर पोटात घाला."

मी म्हणाले, "चहा घेटलासा काय?"

एवढंच. पुढच्या मिनिटाला वाजंत्री सुरू झाली आणि मी आत निघून गेले. कुणी मला ओढून नेलं नव्हतं.


१० मार्च २०२५

प्रियदर्शनी,

वर्षभर लिहिलं नाही. लिहायला तोंड नव्हतं. आता ज्याच्याकरता लिहिते आहे ते माझ्या एकटीच्या पोटात मावत नाही.

मोनाला वर्ष झालं आणि बायकांनी विचारायला सुरुवात केली. मी काही म्हटलं नाही तरी मोना आपण होऊन खेट्यांना निघाली. अनवाणी. मी म्हटलं, नको जाऊस. ती म्हणाली, "जातो की आत्ती, देवाचंच हाय." तिसऱ्या रविवारी परत आली ती टाचा टेकवत नव्हती. बादलीत कोमट पाणी घेऊन पाय बुडवून बसली होती, आणि पाण्याला लाल छटा आली होती. तुझेही पाय असेच झाले होते, आणि तेव्हा मी म्हणाले होते की देव परीक्षा बघतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेले. ऋतू धार काढत होता. मी त्याच्या पाठीशी उभी राहून सगळं सांगितलं. डॉक्टर, चिठ्ठी, चूल, सगळं. नऊ वर्षांचं एका दमात सांगितलं. तो धार काढायचा थांबला नाही.

मग म्हणाला, "मला म्हाईत हाय."

मी म्हटलं, "कवापास्नं?"

"प्रियाला आणून तिसरं वरीस हुतं. सांगलीला जाऊन तपासून आलतो. शून्य हाय. डॉक्टर म्हणला, तरणेपणी गालफुगी झालती काय? म्हटलं, झालती. तवाच कळलं."

तिसरं वर्ष. प्रियदर्शनी, तुला दिवाळीच्या आदला दिवस आठवतो? तू जेवताना म्हणाली होतीस, ह्यांचीही एकदा तपासणी करून घेऊ या. त्यानं उठून तुझ्या तोंडात मारली होती आणि मी वाढायचं थांबवलं नव्हतं. पुरुषाचा ताठा आहे, असं मला वाटलं. त्या वेळी सांगलीचा कागद त्याच्या कपाटात होता.

मी विचारलं, "मग तिला का बोललास न्हाईस? तिला का जाऊ दिलंस?"

"तुला ती नकूच हुती. रोज तिच्या नावानं खडं फोडायचीस. म्हटलं, दोष तिच्यावर हाय तवर हाय. कशाला उकरायचं?"

"आन मोना? ही तर आता आली न्हवं. हिला तरी सांगायचं."

त्यानं चरवी उचलली. माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाला, "ती कुटं जाती? तूच तसली बघून आणलीस की."

मी त्याला मारायला पाहिजे होतं. हात उचलला नाही. त्यानं मला काही उलट सांगितलं नव्हतं. मी जे मनात धरून स्थळ शोधलं तेच त्यानं बोलून दाखवलं होतं.

मी किती वर्षं समजत होते की मी त्याला वाचवते आहे. त्याला कळू नये, त्याचं मन मोडू नये. आणि तो समजत होता की आईला कळू नये. एकाच घरात दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो आणि तू दोघांच्या मधे भरडून निघालीस. तुला घालवून दिल्यावर तरी आम्हाला शहाणपण यायला हवं होतं. साध्या तापानंही अंग काहीतरी शिकतं. आम्ही दोघं तेच सगळं पुन्हा तसंच करून बसलो.

त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. मुलाचं तोंड बघवत नाही, आणि तोच मला सकाळी विचारतो, आई, गोळी घेतलीस का. मी त्याला असं कसं वाढवलं? चंदगडच्या त्या महिन्यात मी त्याला मांडीवर घेऊन सारखं म्हणायचे, तुला काही होऊ देणार नाही. त्याला तेच खरं वाटत राहिलं असेल, की आपल्याला काही होत नाही, जे होतं ते घरातल्या पोरींना होतं.

मोनाला सांगते. आता सांगतेच. तुझ्या शब्दाकरता नाही, मला राहवत नाही म्हणून.

शालूबाई


२७ एप्रिल २०२५

प्रियदर्शनी,

सांगितलं.

ऋतू संस्थेत दूध घालायला गेला होता. मोना भाकऱ्या करत होती. मी जमिनीवर बसले आणि सुरुवातीपासून सांगितलं. तुझं सांगितलं. सांगलीचा कागदही सांगितला. म्हटलं, तुला जायचं असेल तर मी तुझ्या बाजूनं उभी राहीन, कोर्टात येईन, गिरणीत सांगेन, म्हणशील तिथं सांगेन. खरंच म्हणत होते. पहिल्यांदाच मनापासून म्हणत होते.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगवली, उतरवली. मग काठवट बाजूला सारून माझ्यासमोर बसली.

म्हणाली, "लग्नाच्या आधी म्हाईत हुतं तुमास्नी?"

"व्हय."

"हळदीदिशी आईला बाजूला घेटलासा त्ये ह्येच सांगायला?"

"व्हय."

ती रडेल असं वाटलं होतं. शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पिठाचे हात पदराला पुसले. मग म्हणाली, "आत्ती, ह्ये आता कुनाला बोलू नगासा. बोलून काय हुनार? माझ्या पाठच्या दोघी हायत. म्या सोडून आलो म्हटल्यावर त्यास्नी कोन करनार? आईनं ह्या लग्नाला सगळं लावलंय. तुमी बोललासा तर तुमचं मन मोकळं हुईल. माझं काय हुईल?"

मी म्हणाले, "मग तुझ्यावर बोट ठेवत्यात त्याचं काय?"

"ठेवू देत. मला सवं झाली."

उठून परत भाकरी थापायला लागली. त्या रात्रीपासून ती ऋतूच्या ताटात वाढताना वर बघत नाही, आणि पहिल्यासारखी बोलत नाही. म्हशींशीसुद्धा बोलायची, तेही बंद झालं. एवढं माझ्या खरं बोलण्यानं झालं. आधी दोघांना माहीत होतं, आता तिघांना माहीत आहे आणि तिघंही गप्प आहोत.

तुझ्या मुलीला लस दिलीस का? सगळ्या दे. खाजगी दवाखान्यात गालफुगीचीही मिळते म्हणे, विचारून घे. हे सांगायचा मला हक्क नाही, तरी सांगते. माफी मागत नाही. मागितली तर द्यायची की नाही, हा विचारही तुलाच करावा लागेल.

काल संध्याकाळी बयाबाई आली होती. आम्ही दोघी अंगणात चिंचा फोडत बसलो होतो, मोना चहा घेऊन आली. बयाबाईनं कप घेताघेता विचारलं, "काय गं पोरी, आजून काय न्हाय?"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. माझ्या आधी मोनाच बोलली, अगदी शांतपणे. म्हणाली, "माझ्यातच दोष हाय मावशी. डॉक्टरनं सांगिटलंय."

बयाबाईनं कप खाली ठेवला. मोना आत गेली तरी तिच्या पाठीकडे बघत राहिली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "शालू, तुझ्याच नशिबाला दोन्ही बी आसल्याच कशा गं आल्या?"

मी चिंचोका काढून टोपलीत टाकला आणि म्हणाले, "व्हय की."

शालूबाई